लवादाने निवाडा द्यायला वर्षे लावली, तर कलम ३४ खाली आव्हान कसे द्यायचे

युक्तिवाद संपतात, लवाद निवाडा राखून ठेवतो, आणि मग काहीच हालत नाही. सहा महिने जातात, वर्ष जाते, कधी तीन वर्षे जातात. मग एक दिवस जाडजूड निवाडा हातात पडतो आणि तो विरोधात गेलेला असतो. हरलेल्या पक्षकाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इतक्या उशिरा दिलेला निवाडा टिकतोच कसा?

बहुतेक वेळा टिकतो. निवाडा रद्द करून मागायचा मार्ग म्हणजे १९९६ च्या लवाद व समेट कायद्याचे कलम ३४; वेगळे म्हटले नसेल तिथे या लेखातली इतर कलमेही त्याच कायद्याची. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लँकॉर होल्डिंग्ज प्रकरणात हे स्पष्ट केले. नुसता उशीर हे निवाडा रद्द करण्याचे कारण होत नाही. उशिराचा कसलाच खुलासा नसेल आणि त्याचा परिणाम निष्कर्षांवर उघड दिसत असेल, तरच निवाडा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध किंवा उघड बेकायदेशीर ठरू शकतो. थोडक्यात, कॅलेंडर दाखवून भागत नाही. निवाड्याच्या पानापानावर उशिराची खूण दाखवावी लागते. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्या एका कामासाठी आहेत.

प्रकरण चेन्नईतल्या एका इमारतीच्या संयुक्त विकास कराराचे होते. लवादाने २८ जुलै २०१२ रोजी निवाडा राखून ठेवला आणि १६ मार्च २०१६ रोजी दिला, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळाने. एवढे करून मूळ वाद मिटवलाच नाही, पक्षकारांना उरलेल्या मुद्द्यांसाठी पुन्हा नव्याने कार्यवाही करायला सांगितले. दरम्यान पक्षकारांची स्थिती मात्र परत फिरवता येणार नाही इतकी बदलली होती. अशा निवाड्याचा व्यवहारात काही उपयोग नाही, म्हणून तो रद्द झाला. उशीर आणि अपुरेपणा एकत्र आले की पाया भक्कम होतो, हा त्यातला धडा.

आधी ठरवा: तुमच्या प्रकरणाला कोणती मुदत लागू आहे?

हे न पाहता याचिका लिहायला बसणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. १९४० च्या जुन्या कायद्यात निवाड्याला चार महिन्यांची मुदत होती. १९९६ च्या लवाद व समेट कायद्याने ती काढून टाकली आणि जवळजवळ वीस वर्षे कसलीच मुदत उरली नाही. २३ ऑक्टोबर २०१५ च्या दुरुस्तीने कलम २९अ आले, तेव्हापासून कायदेशीर घड्याळ पुन्हा सुरू झाले. लवादीची सुरुवात कधी झाली हे कलम २१ ची, म्हणजे वाद लवादाकडे सोपवण्याची, नोटीस समोरच्याला मिळाल्याच्या तारखेवरून ठरते. ती तारीख २३ ऑक्टोबर २०१५ च्या आधीची असेल तर, पक्षकारांनी वेगळे ठरवलेले नसल्यास, २९अ विसरा. तुमच्या हातात फक्त 'अवाजवी उशिराने नुकसान झाले' हा युक्तिवाद उरतो. लँकॉर याच जातीचे प्रकरण आहे.

२९अ लागू असेल तर सध्याचा हिशेब असा. दावा आणि कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) यांची देवाणघेवाण कलम २३(४) प्रमाणे लवादाला नेमणुकीची लेखी सूचना मिळाल्यापासून सहा महिन्यांत पुरी व्हायला हवी. ती पुरी झाल्यापासून बारा महिन्यांत निवाडा. दोन्ही बाजूंच्या संमतीने आणखी सहा महिने. म्हणजे कैफियती जून २०२३ अखेर पुऱ्या झाल्या असतील तर मूळ मुदत जून २०२४ अखेर आणि संमतीने डिसेंबर २०२४ अखेर. त्यापुढे न्यायालयाने मुदत वाढवली नसेल तर लवादाचा अधिकारच संपतो. ३० ऑगस्ट २०१९ च्या आधी ही बारा महिन्यांची मोजणी लवादाला नेमणुकीची लेखी सूचना मिळाल्यापासून होत असे. आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादीत मात्र बारा महिने हे बंधन नाही, प्रयत्नाचे उद्दिष्ट आहे. कोविड काळातल्या प्रकरणांत १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळून मोजा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२२ च्या आदेशात कलम २३(४) आणि २९अ यांचा नाव घेऊन उल्लेख आहे.

तिसरे घड्याळ करारात असू शकते. सुभटेक्स प्रकरणाच्या करारात लवादाने काम हाती घेतल्यापासून चार महिन्यांत निवाडा द्यायचा होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ती मुदत उलटल्यावर लवादाचा अधिकार संपला आणि पक्षकाराने हरकत सोडून दिली असे म्हणता येत नाही. म्हणून लवादाचे कलम शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मुदत बऱ्याचदा तिथेच दडलेली असते.

निवाडा यापैकी एखाद्या मुदतीनंतर आला असेल, तर 'अधिकार संपल्यावर दिलेला निवाडा' हा पहिला आणि स्वतंत्र मुद्दा करा. तो उशिराच्या नुकसानीच्या मुद्द्यात मिसळू नका, कारण इथे नुकसान सिद्ध करावे लागत नाही. सप्टेंबर २०२४ च्या रोहन बिल्डर्स निकालाप्रमाणे मुदतवाढीचा अर्ज मुदत संपल्यावरही करता येतो. समोरची बाजू मागाहून तो प्रयत्न करील हे गृहीत धरून त्याला विरोध करायची तयारी ठेवा.

निवाडा अजून आलेला नाही? मग आजच कागद तयार करा

उशिराचा पुरावा निवाडा आल्यावर तयार करता येत नाही. २०१९ पासून कलम ३४ मध्ये 'लवादाच्या अभिलेखाच्या आधारे' असे शब्द आहेत, म्हणजे न्यायालय लवादासमोरच्या कागदांपलीकडे सहसा पाहत नाही. जे त्या वेळी लिहिले नाही ते नंतर प्रतिज्ञापत्रात सांगून वजन येत नाही.

निवाडा राखून ठेवल्याची तारीख रोजनाम्यात (लवादाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) लिहून घ्या. लेखी युक्तिवादाला पुढची तारीख दिली असेल तर तीही. त्यानंतर तीन महिने झाले की लवादाला एक साधा, विनम्र ईमेल पाठवा: युक्तिवाद अमुक तारखेला संपले, निवाडा कधीपर्यंत अपेक्षित धरावा, काही खुलासा हवा असल्यास आम्ही हजर राहू. प्रत समोरच्या वकिलांना. सहा महिन्यांनी दुसरे पत्र, त्यात उशिराने होणारे नुकसान नेमके सांगा: रोज वाढणारे व्याज, अडकलेली मालमत्ता, बँकेची हमी चालू ठेवण्याचा खर्च. पुष्कळ वकील हे पत्र लिहायला कचरतात. लवाद नाराज होईल, निकाल उलटा जाईल, ही भीती खरी आहे. पण भाषा सभ्य असेल तर त्या पत्रापेक्षा पत्राचा अभावच पुढे जास्त महाग पडतो.

पुढचा उपाय कलम १४. लवाद अवाजवी उशीर न करता काम करण्यात अपयशी ठरला तर त्याचा अधिकार संपतो, आणि तसे ठरवून घ्यायला कलम १४(२) खाली न्यायालयात जाता येते. कलम ३४ ची याचिका करण्यापूर्वी १४(२) चा मार्ग घेतलाच पाहिजे असे नाही, हेही लँकॉरमध्येच सांगितले आहे. 'तेव्हा गप्प का बसलात' हा टोमणा तरीही येतो, आणि वर सांगितलेली दोन पत्रे त्याला पुरेसे उत्तर असतात. २९अ लागू असेल तर मुदतवाढीच्या अर्जाच्या सुनावणीतच लवाद बदलून मागता येतो. उशीर लवादामुळे झाला असेल तर न्यायालय दर महिन्याला ५ टक्क्यांपर्यंत फी कमी करू शकते. अर्ज कोणत्या न्यायालयात करायचा हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढेही गेला होता. लवादाची नेमणूक उच्च न्यायालयाने केली असेल तर कलम २(१)(ई) मधली 'न्यायालय' या शब्दाची व्याख्या आणि ताजा निकाल पाहिल्याशिवाय दाखल करू नका.

एक गोष्ट मात्र आधी तपासा: फी बाकी आहे का? कलम ३९ खाली लवाद थकलेल्या फीसाठी निवाडा अडकवून ठेवू शकतो. निवाडा तयार होता आणि तुमच्याच हिश्श्याची फी थकल्यामुळे तो मिळाला नाही, असे निघाले तर उशिराचा मुद्दा तिथेच संपतो. फी अवाजवी वाटत असेल तर त्याच कलमाखाली ती न्यायालयात भरून निवाडा मागता येतो.

निवाडा हाती आला: दिवस मोजा

कलम ३४(३) ची मुदत सही केलेली प्रत पक्षकाराला मिळाल्यापासून तीन महिने. पुरेसे कारण दाखवले तर आणखी तीस दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही, आणि उशीर माफ करणारे मुदत कायद्याचे कलम ५ इथे उपयोगी पडत नाही. तीन महिने म्हणजे कॅलेंडरचे महिने, नव्वद दिवस नव्हेत. प्रत १० जानेवारीला मिळाली तर मुदत १० एप्रिलपर्यंत आणि वाढीव तीस दिवस १० मेपर्यंत. शेवटचा दिवस सुटीत आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येते, पण ही सवलत मूळ तीन महिन्यांपुरती. वाढीव तीस दिवस मे महिन्याच्या सुटीत संपले तर जून उघडण्याची वाट पाहणारा पक्षकार कायमचा बाहेर पडतो.

प्रत कुणाला मिळाली हे महत्त्वाचे. २०११ च्या आर्क बिल्डर्स प्रकरणात महाराष्ट्र शासनाच्या बाजूने हाच मुद्दा निर्णायक ठरला: लवादाने स्वतः सही केलेली प्रत दिल्यापासूनच घड्याळ सुरू होते. समोरच्याने पाठवलेल्या झेरॉक्सने होत नाही. तरीही सावधगिरी म्हणून झेरॉक्सच्या तारखेपासूनच मोजा.

लवादाने एखादी मागणी पूर्ण विसरली असेल, आणि लांबलेल्या निवाड्यांत हे नेहमी होते, तर कलम ३३ खाली तीस दिवसांत पूरक निवाडा मागता येतो. असा अर्ज केल्यास कलम ३४ ची मुदत तो निकाली निघाल्यापासून मोजतात. पण विचार करून करा. विसरलेली मागणी हा तुमचा सर्वांत चांगला पुरावा असू शकतो आणि पूरक निवाडा तो पुसून टाकतो. ती मागणी मोठी आणि जिंकण्यासारखी असेल तर मागा, किरकोळ असेल तर सोडा.

उशिराची खूण शोधायची कशी

एक मोठा तक्ता करा. पहिल्या स्तंभात लेखी युक्तिवादातला प्रत्येक मुद्दा क्रमाने, दुसऱ्यात त्याला आधार असलेले कागद आणि उलटतपासणीचे परिच्छेद, तिसऱ्यात निवाड्यात तो मुद्दा कुठल्या परिच्छेदात आला, चौथ्यात लवादाने काय ठरवले. तिसरा स्तंभ जिथे रिकामा राहतो तिथे काम आहे. पाचशे पानांच्या अभिलेखाला हे करायला तीन-चार दिवस लागतात. ते कनिष्ठ वकिलावर सोपवून स्वतः न वाचणे हा आळस याचिकेत लगेच दिसतो.

रिकाम्या जागा सगळ्या सारख्या वजनाच्या नसतात. तोंडी युक्तिवादात जोर दिलेला, लेखी टिपणातही असलेला आणि निकाल फिरवू शकणारा मुद्दा निवाड्यात नावालाही नसेल, तर लवादाला सुनावणी आठवत नव्हती हे अनुमान सहज निघते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये हरजी इंजिनिअरिंग विरुद्ध भेल या प्रकरणात हेच कारण दिले: तोंडी युक्तिवादाचा ठसा काळाने पुसट होतो, म्हणून खुलासा नसलेला अवाजवी उशीर पक्षकाराला बाधतो. तिथे शेवटच्या सुनावणीनंतर तीन वर्षांच्या आसपास निवाडा आला होता. उलट त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये ऑइल इंडिया विरुद्ध एस्सार ऑइलमध्ये नुसता उशीर पुरेसा नाही असे म्हटले. दोन्ही निकाल समोरासमोर ठेवून वाचा, फरक कारणमीमांसेत सापडतो.

साक्षीदारांकडे वेगळे लक्ष द्या. 'साक्षीदार विश्वासार्ह वाटला नाही' असे वाक्य साक्ष झाल्यावर तीन वर्षांनी लिहिले असेल, तर ते कशाच्या बळावर, हा प्रश्न विचारता येतो. निष्कर्ष कागदांवर उभा असेल तर उशिराने फारसे बिघडत नाही. तो साक्षीदाराच्या हावभावांवर उभा असेल तर पुष्कळ बिघडते.

आकडे पुन्हा करा. बेरजा चुकलेल्या, एकच रक्कम दोनदा धरलेली, प्रतिदाव्याची वजावट राहिलेली, आधीच्या मसुद्यातले परिच्छेद क्रमांक तसेच राहिलेले: लांबलेल्या निवाड्यांत हे सगळे सापडते. शिवाय निवाडा राखून ठेवल्यावर लवादाने एका बाजूकडून कागद किंवा खुलासा घेतला का, हे ईमेल उघडून पाहा. घेतला असेल आणि तुम्हाला संधी दिली नसेल, तर तो दोन्ही बाजूंना समान संधी देणाऱ्या कलम १८ चा भंग आहे आणि उशिरापेक्षा मोठा मुद्दा आहे.

शेवटी निवाड्यातच खुलासा शोधा. आजारपण, तडजोडीची बोलणी, न्यायालयाची स्थगिती, पक्षकारांनीच मागितलेला वेळ: ही कारणे लिहिलेली आणि खरी असतील तर न्यायालय सहसा मान्य करते. दिलेले कारण अभिलेखाशी ताडून पाहा. तडजोडीची बोलणी दोन महिने चालली आणि उशीर तीन वर्षांचा असेल, तर चौतीस महिन्यांचा खुलासा नाही, असे मोजून लिहा.

व्याजाचा हिशेब स्वतंत्र परिशिष्टात द्या. एक कोटी रुपयांवर साध्या १२ टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज छत्तीस लाख होते. हा बोजा लवादाच्या गप्प बसण्यामुळे पडला, हे न्यायाधीशाला एका नजरेत दिसले पाहिजे. नुकसान म्हणजे काय, याचे इतके स्पष्ट उत्तर दुसरे नसते.

याचिका कशी मांडायची

भारतात दिलेल्या देशी निवाड्यासाठी दोन आधार घ्या: कलम ३४(२)(ब)(दोन) खाली सार्वजनिक धोरण आणि ३४(२अ) खाली उघड बेकायदेशीरपणा. ३४(२अ) हा आधार आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादीच्या निवाड्याला लागू नाही. परदेशात बसलेल्या लवादाचा निवाडा असेल तर कलम ३४ नाहीच, तिथे अंमलबजावणीच्या वेळी कलम ४८ खाली हरकत घ्यायची असते.

तारखांचा तक्ता याचिकेच्या पहिल्या दोन पानांत यावा: कैफियती पुऱ्या, शेवटची साक्ष, युक्तिवाद संपले, लेखी टिपण, स्मरणपत्रे, निवाडा, प्रत मिळाली. मग 'उशिराचा परिणाम' या मथळ्याखाली पाच-सहा ठळक मुद्दे, प्रत्येकाला अभिलेखाचे पान. चाळीस मुद्द्यांची याचिका हरते. पुरावा पुन्हा तोलून पाहा, अशी विनंती केल्यासारखी ती वाचली जाते आणि कलम ३४ चे न्यायालय अपील ऐकत नाही.

सोबत सही केलेला निवाडा, करार, नेमणुकीचा आदेश, सर्व कैफियती, साक्षी, लेखी युक्तिवाद, रोजनामे आणि पत्रव्यवहार जोडा. समोरच्याला आधी नोटीस देऊन त्याचे प्रतिज्ञापत्र जोडण्याची ३४(५) ची अट सक्तीची नाही, मार्गदर्शक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. तरी ती पाळा, खर्च एका टपालाचा आहे. वाद व्यापारी स्वरूपाचा आणि ३ लाख रुपये किंवा अधिक मूल्याचा असेल तर तो वाणिज्य न्यायालयात जातो. मुंबईत रकमेप्रमाणे उच्च न्यायालयाची मूळ शाखा की दुसरे न्यायालय हे आणि कोर्ट फी हे दोन्ही दाखल करण्याच्या आठवडाभर आधी नोंदणी विभागात विचारून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाच्या बाजूने सुविधा परिषदेमार्फत (अशा उद्योगांच्या थकबाकीचे वाद हाताळणारी परिषद) निवाडा झाला असेल तर खरेदीदाराला त्यातली ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, नाहीतर याचिका विचारातच घेतली जात नाही.

मागणीत पर्याय ठेवा. मुख्य मागणी पूर्ण निवाडा रद्द करण्याची. दुसरी, वेगळा करता येईल तेवढा भाग रद्द करण्याची. एप्रिल २०२५ मध्ये घटनापीठाने न्यायालयाला निवाड्यात मर्यादित बदल करण्याचा अधिकार मान्य केला आहे, त्यात निवाड्यानंतरच्या व्याजाचाही समावेश आहे. तेव्हा ती मागणीही लिहून ठेवा.

स्थगिती वेगळी मागा

२०१५ च्या दुरुस्तीपासून कलम ३४ ची याचिका दाखल झाली म्हणून अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. कलम ३६(२) खाली स्वतंत्र अर्ज लागतो. पैशाचा निवाडा असेल तर न्यायालय सहसा रक्कम जमा करायला सांगते, व्याजासह पूर्ण रक्कमही. पैशांची किंवा बँक हमीची सोय याचिकेआधी करून ठेवा. अर्ज न करता थांबलात तर समोरचा दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून बँक खाती गोठवतो, आणि मग घाईत काढलेल्या स्थगितीच्या अटी नेहमी जास्त कडक असतात.

समोरची बाजू काय म्हणेल

तुम्ही निवाडा जिंकलेल्या बाजूचे असाल तर हा भाग उलटा वाचा. पहिला बचाव: तुम्ही स्वतः तारखा मागितल्या. रोजनाम्यातल्या प्रत्येक तहकुबीचे श्रेय कुणाचे, हे मोजून ठेवा. दुसरा: निवाड्यात प्रत्येक मुद्द्याला कारणे आहेत, तेव्हा उशिराने काही बिघडले नाही. याला उत्तर फक्त तुमचा तक्ता. तिसरा आणि सर्वांत धोकादायक: कलम ३४(४) खाली प्रकरण लवादाकडे परत पाठवा, तो उणिवा भरून काढील. आय-पे क्लिअरिंग विरुद्ध आयसीआयसीआय बँक या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की कारणांतली फट भरायला परत पाठवता येते, मुळात निष्कर्षच नसेल तर नाही. तुमच्या तक्त्यातल्या रिकाम्या जागा 'निष्कर्षच नाही' या वर्गात बसतात, हे तिथेच दाखवा. वर विचारा: तीन वर्षांत विसरलेल्या युक्तिवादांवर तोच लवाद आता कोणत्या आठवणीवर कारणे लिहिणार?

निवाडा रद्द झाला तरी दावा जिवंत राहतो. कलम ४३(४) प्रमाणे लवादी सुरू झाल्यापासून रद्द करण्याच्या आदेशापर्यंतचा काळ मुदतीतून वगळला जातो, पण त्याआधी खर्ची पडलेले दिवस परत मिळत नाहीत. दाव्याच्या तीन वर्षांच्या मुदतीपैकी करारभंगापासून कलम २१ च्या नोटिशीपर्यंत दोन वर्षे दहा महिने गेले असतील, तर आदेशानंतर नव्या नोटिशीला फक्त दोन महिने उरतात. आदेशाची प्रत हाती येण्याची वाट न पाहता ती नोटीस लिहून तयार ठेवा. नवी लवादी सुरू करताना पहिल्याच बैठकीत दोन्ही बाजूंची पुरसीस (लेखी निवेदन) द्या: जुन्या साक्षी व कागद तसेच वाचले जातील आणि युक्तिवाद संपल्यापासून साठ दिवसांत निवाडा दिला जाईल. रोजनाम्यात त्याची नोंद झाल्याशिवाय बैठकीतून उठू नका.